गोबरगॅस : इतिहास आणि गृहिणीचा वाटा

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'घरात रोज लागणाऱ्या एखाद्या गोष्टीचा इतिहास' लिहून द्यावा, असे संपादक मंडळातील भगिनींनी मला सुचविले. मी शेण हा विषय घेतला, तेव्हा बैठकीत थोडी हसाहस झाली. परंतु विचार केला तर असे दिसेल की, खेड्यातील स्त्रीचे दिवसाचे पहिले काम शेणाचेच असते. गोठा लोटणे, अंगणात सडा घालणे, भुई सारवणे, शेणी थापणे आणि उरलेले उकिरड्यावर टाकणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच हातून होत आली. गेल्या सत्तर वर्षांत त्यांत आणखी एका उपयोगाची भर पडली. तो उपयोग म्हणजे शेणापासून निघून शेगडीत जळणारा गॅस.

या गॅसचा इतिहास पुस्तकांतून मिळतो. त्यात शास्त्रज्ञांची नावे आहेत, योजनांची नावे आहेत, आणि ती असावयासच हवीत. पण एका प्रश्नाचे उत्तर त्यात सहसा मिळत नाही. एकाच गल्लीत, एकाच गवंड्याने, एकाच वर्षी दोन टाक्या बांधल्या. दोन्ही घरी जनावरे सारखी. एका घरी तीस वर्षे स्वयंपाक झाला आणि दुसऱ्या घरची टाकी तीन वर्षांत बंद पडून तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढला. असे का व्हावे? हा इतिहास वाचताना व आपल्या भगिनींशी बोलताना मला जे उत्तर सापडले, ते या लेखात मांडावयाचे आहे.

गाळातले बुडबुडे

डबक्यातला गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येतात, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी हेच पाहिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. विजेच्या 'व्होल्ट' या मापाला ज्यांचे नाव दिले आहे, तेच हे गृहस्थ. १७७६ साली त्यांनी माज्जोरे सरोवराच्या काठच्या गाळातून निघणारा वायू गोळा केला आणि तो पेटतो, असे दाखवून दिले. या वायूला आपण आज मिथेन म्हणतो. पुढे १८०८ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांना शेणखत कुजताना निघणाऱ्या वायूतही मिथेन सापडला.

१८८४ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे शिष्य उलिस गेयाँ यांनी शेणखत ३५ अंश सेल्सिअस इतक्या उबेत ठेवले आणि एक घनमीटर खतापासून १०० लिटर गॅस मिळविला. या प्रयोगाची हकीकत स्वतः पाश्चर यांनी तेथील विज्ञान अकादमीपुढे मांडली. भगिनींनी हा ३५ अंशांचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. त्यानंतर १८९५ साली इंग्लंडातील एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मैल्याच्या टाकीतून निघणाऱ्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लावून दाखविले.

आपल्या देशातील पहिली नोंद मुंबईची आहे, आणि तीही अशा जागेची की जिकडे त्या काळी कोणी फिरकत नसे. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या टाकीला गॅस गोळा करण्याची व्यवस्था १८९७ साली जोडण्यात आली आणि त्या गॅसवर इंजिन चालविले गेले. कित्येक पुस्तकांत या घटनेचे साल १८५९ असे दिलेले आढळते. ते बरोबर असणे शक्य नाही. कारण माटुंग्याचा हा आश्रमच मुळी १८९० साली, ॲकवर्थ नावाचे म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झाला. सालाची चूक एका पुस्तकातून दुसऱ्यात कशी उतरत जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दिल्लीहून बोरिवलीकडे

मैल्याच्या टाक्या शहरांतल्या. खेड्यातील शेणाचा विचार होण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. बिहारमधील १९३४ च्या भूकंपानंतर पुसा येथील शेतकी संशोधन संस्था १९३६ साली दिल्लीस हलविण्यात आली. त्या संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी १९४० च्या आगेमागे शेण बंद भांड्यात कुजवून गॅस व खत दोन्ही मिळविण्याचे प्रयोग केले. त्यांच्यापुढे खरा प्रश्न इंधनाचा नव्हता, जमिनीचा होता. शेतात जावयाचे शेण चुलीत जात होते. शेणी जाळली म्हणजे शेणातला नत्र धुरावाटे निघून जातो, आणि मागे राखुंडीपुरती राख उरते. शेतकऱ्याने शेणी जाळू नये, हे म्हणणे सोपे; पण मग त्याच्या बायकोने स्वयंपाक कशावर करावा, याचे उत्तर द्यावयास नको काय? गोबरगॅस हे त्याचे उत्तर होते. टाकीत शेण कुजून गॅस निघतो, तरी खताचा कस बाहेर पडणाऱ्या रबडीत शिल्लक राहतो. एकाच शेणाने चूलही पेटते आणि शेतही पोसते.

हे प्रयोगशाळेतले तत्त्व खेड्यात उतरविण्याचे श्रेय श्री. जशभाई पटेल यांना जाते. १९५१ पासून त्यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाच्या टाकीचे एकामागून एक नमुने तयार केले. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला आणि १९६१-६२ च्या सुमारास त्याने हे काम आपल्या कार्यक्रमात घेतले. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात या टाक्यांवर पुष्कळ काम झाले. आपल्याकडे 'ड्रमचा गोबरगॅस' म्हणून जो ओळखला जातो, तो हाच.

ज्या मुलींनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगते. जमिनीत विटांची एक गोल विहीर बांधावयाची. एका बाजूच्या कुंडीत शेण व पाणी कालवून तो काला नळाने विहिरीच्या तळाशी सोडावयाचा. विहिरीच्या तोंडावर लोखंडी पत्र्याचा मोठा ड्रम पालथा घालावयाचा. काल्यातून निघणारा गॅस ड्रममध्ये साठतो, तसा ड्रम वर उचलला जातो. गॅस वापरला की तो खाली बसतो. ड्रमच्या वजनाने गॅसला सारखा दाब मिळतो, म्हणून शेगडी एकसारखी जळते. किती गॅस शिल्लक आहे, हे परसात डोकावले तरी कळते. कुजलेली रबडी दुसऱ्या बाजूने आपोआप बाहेर पडते. या रचनेत एकच मोठी उणीव होती. ड्रम गंजतो. दरवर्षी खरडून रंग दिला नाही तर त्याला भोके पडतात, आणि साऱ्या खर्चातला मोठा भाग तर त्या ड्रमचाच असतो.

याच काळात उत्तर प्रदेशात तेव्हाच्या इटावा जिल्ह्यातील अजितमल येथे गोबरगॅसचे संशोधन केंद्र निघाले. तेथील श्री. रामबक्ष सिंह यांनी लहानमोठ्या, थंड व उष्ण प्रदेशांसाठी निरनिराळ्या टाक्या करून पाहिल्या. १९७१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक परदेशातही वाचले गेले.

कोकणचे गांधी आणि देहूचे डॉक्टर

शेणाच्या या इतिहासात महाराष्ट्राने एक वेगळे पाऊल टाकले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अप्पासाहेब पटवर्धन यांना आपण 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखतो. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यास गांधीजींनीही उपवास केला. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. माणसाचा मैला दुसऱ्या माणसाने डोक्यावरून वाहू नये, हे त्यांचे जीवितकार्य. तेव्हा शेणाबरोबर मैलाही टाकीत सोडावा, त्याचा गॅस व खत करावे आणि मैला उचलण्याचे कामच उरू देऊ नये, हा विचार त्यांना सुचला यात नवल नाही.

तोच धागा पुढे देहूत सापडतो. डॉ. सुहास मापुसकर १९५९ साली तेथे सरकारी डॉक्टर म्हणून आले. पोटाचे विकार व जंत यांचे रोगी रोज दारात पाहून त्यांनी ओळखले की, औषधाच्या बाटलीपेक्षा गावात शौचकूप होणे अधिक जरुरीचे आहे. अप्पासाहेबांचे काम पाहून त्यांनी शौचकूपाला जोडलेल्या गॅसच्या टाक्यांचा प्रसार केला आणि सारे आयुष्य त्यातच घालविले. २०१५ साली ते गेले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. तुकोबांच्या गावातील हे काम होय.

मैल्याच्या गॅसवर शिजवलेले अन्न खावे की नाही, याबद्दल घरोघरी वाद झाले. आमच्याही घरी झाले. विशेष म्हणजे हा वाद स्त्रियांनी घातला आणि मिटविलाही स्त्रियांनीच. माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, ज्या शेतात सोनखत पडतं तिथलीच मेथी आपण खातो ना? मग जाळ तर त्याहून शुद्ध." त्यांच्या या बोलण्यानंतर आमच्या घरी हा विषय निघाला नाही.

ड्रमपासून घुमटापर्यंत

१९७३ साली खनिज तेलाचे भाव जगभर एकाएकी वाढले. रॉकेल महाग झाले, रासायनिक खते महाग झाली. तोवर गोबरगॅस हे काही ध्येयवादी माणसांचे काम समजले जाई. ती आता देशाची गरज ठरली. लोखंडही महाग, म्हणून ड्रमवाचून टाकी बांधता येईल काय, याचा शोध सुरू झाला. चीनमध्ये जमिनीखाली घुमटाच्या टाक्या फार मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या होत्या. त्या धर्तीवर १९७८ साली अजितमलकडे 'जनता' टाकी तयार झाली. १९८४ साली दिल्लीच्या ॲफप्रो या संस्थेने त्याहून स्वस्त अशी 'दीनबंधू' टाकी काढली. घुमटाच्या टाकीत लोखंड नाही, म्हणून गंज नाही. वरची जागा मोकळी राहते. मात्र गवंडी कसबी हवा. घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निसटून जातो.

१९८१-८२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला आणि अनुदान देऊन गावोगाव टाक्या बांधण्यास आरंभ झाला. पुढील साडेतीन-चार दशकांत देशात ५० लाखांच्या आसपास घरगुती टाक्या बांधल्या गेल्या. त्यांत सर्वांत अधिक, नऊ लाखांच्या घरात, आपल्या महाराष्ट्रात झाल्या. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु हा आकडा बांधलेल्या टाक्यांचा आहे. चालू असलेल्या टाक्यांचा नव्हे.

गॅस वाढतो कशाने?

टाकीचा नमुना कोणताही असो, आतले काम दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही समजेल असे आहे. आपण दुधाला विरजण लावतो, तसेच ते आहे. शेणात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. एका जातीचे जीवाणू शेणातील पदार्थ फोडून त्यांचे आम्ल करतात. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या आम्लापासून मिथेन करतात. हे दुसरे फार नाजूक. त्यांना हवा सोसत नाही, थंडी सोसत नाही, फार आंबटही सोसत नाही. गॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कर्बवायू.

आता तो ३५ अंशांचा आकडा. १८८४ साली गेयाँ यांनी जी ऊब ठेवली, तीच आजही उत्तम मानली जाते. थंडीत रात्री दही लागत नाही, तसाच पौष-माघात गॅसही कमी होतो. काला १५ अंशांखाली गेला की काम जवळजवळ थांबते. यावर बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी ड्रमच्या माथ्यावरच उन्हाने पाणी तापविण्याची सोय करून पाहिली व त्या कोमट पाण्यात शेण कालविले. आपल्याकडच्या बायकांनी हाच उपाय आपल्या रीतीने केला. हंडे सकाळपासून उन्हात ठेवावयाचे आणि दुपारी त्या पाण्यात शेण कालवावयाचे. टाकीभोवती कडबा वा उसाचे पाचट रचावयाचे. एका आजींनी मला सांगितले की, त्या टाकीला लागूनच उकिरडा करीत. कुजणाऱ्या उकिरड्याची ऊब टाकीला मिळे. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेण व पाणी समभाग, हे प्रमाण. काला पिठल्यासारखा असावा. पाणी अधिक झाले तर शेण तळाशी बसते आणि न कुजताच बाहेर पडते. कमी झाले तर गॅस वर निसटत नाही. तिसरी गोष्ट काडीकचऱ्याची. शेणाबरोबर गेलेला कडब्याचा तुकडा व भुसा वर तरंगतो, त्याची दुधावरच्या सायीसारखी पण जाड साय जमते आणि गॅस खालीच कोंडतो. म्हणून काला हाताने चाळून घ्यावा आणि ड्रम रोज दोन वेळा फिरवावा. चौथी गोष्ट मोजमापाची. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. मोठ्या जनावराचे दिवसाला १० किलो शेण धरले, तर दोन घनमीटरच्या टाकीला ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. आपल्या हवेत शेण टाकीत सुमारे ४० दिवस राहिले पाहिजे. जनावरे दोन आणि टाकी चार घनमीटरची, हा हिशेब कधीच जुळावयाचा नाही. पाचवी गोष्ट मिसळीची. कोंबड्यांची विष्ठा किंवा मैला यांतून किलोमागे शेणापेक्षा अधिक गॅस निघतो, म्हणून शेणात त्यांची थोडी भर उपयोगी पडते. फिनेल किंवा साबणाचे पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नये, जीवाणू मरतात. नवी टाकी सुरू करताना चालू टाकीतली दोन-चार घमेली रबडी विरजण म्हणून घालावी.

या पाच गोष्टी वाचून कोणाच्या लक्षात काय आले? यांतली एकही गोष्ट लोखंडाची किंवा सिमेंटची नाही. सर्व गोष्टी रोजच्या हाताच्या व रोजच्या डोळ्याच्या आहेत. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. गवंडी टाकी बांधतो, पण ती जिवंत ठेवते ती रोज सकाळी काला कालविणारी बाई.

ओट्यावर आणि दाराआड

आमच्या सासरी १९८४ साली दोन घनमीटरची ड्रमची टाकी झाली. घरात लहानमोठी सहा जनावरे होती. टाकी बांधून झाल्यावर माहिती देण्यासाठी एक गृहस्थ आले. ते ओट्यावर बसले. मामंजी, माझे पती व दोन दीर समोर बसले. चहा घेऊन मी गेले ती दाराआड थांबून ऐकत राहिले; सासूबाई आत चुलीपाशी होत्या. त्या गृहस्थांनी तासभर फार चांगली माहिती दिली. परंतु ज्यांनी ती ऐकली त्यांच्यापैकी कोणीही पुढे एक दिवसदेखील शेण कालविले नाही. आणि जिने पुढे वीस वर्षे कालविले, तिला कोणी काही विचारले नाही की सांगितले नाही.

पहिले दोन महिने गॅस छान चालला. मग कमी होत गेला. पुरुषांनी ठरविले की टाकीच बिघडली. सासूबाईंनी मात्र बाहेर पडणारी रबडी हातात घेऊन पाहिली. म्हणाल्या, "हे पुरतं कुजलंच नाही. पाणी फार होतंय." त्यांनी एक जुनी पाटी शेणाला व तीच पाटीभर पाणी, असे माप धरले. गोठा धुतलेले पाणी टाकीत सोडणे बंद केले. चुलीसाठी पेंढी सोडताना तुकडे शेणात पडू नयेत म्हणून गव्हाणीपुढे फळी लावली. सकाळी तुळशीला पाणी घातले की ड्रम फिरवावयाचा, असा नेम केला. पंधरा-वीस दिवसांत ड्रम पुन्हा वर आला. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. पण दर दिवाळीला ड्रमला रंग लागलाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता आणि तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती.

चूल गेल्याने काय झाले, हे आपणांपैकी ज्यांनी ओली लाकडे फुंकली आहेत त्यांना सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातील धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आमच्या घरी सासूबाईंचा खोकला कमी झाला, भांडी काळी होईनात आणि शेणी थापण्याची दुपार मोकळी झाली. त्या दुपारीच मी आपल्या मंडळात प्रथम आले.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही लिहिली पाहिजे. चार जनावरे असतील त्यालाच टाकी परवडते. जिच्या दावणीला एकही जनावर नाही, ती बाई पूर्वी रस्त्यावरचे, माळावरचे शेण पाटीत गोळा करून शेणी लावी. शेणाला मोल आले तसे ते तिला मिळेनासे झाले. ही तक्रार १९७० च्या दशकातच अभ्यासकांनी मांडली होती. त्यावर गावाची सामाईक टाकी हा उपाय काही ठिकाणी झाला. कर्नाटकातील पुरा या गावी १९८७ पासून सर्वांचे शेण एकत्र करून त्याच्या गॅसवर इंजिन चालविले गेले. घराघरांत दिवा लागला आणि पिण्याचे पाणी नळाला आले. शेण देणाऱ्याला रबडी खत म्हणून परत मिळे. चार जनावरांचा धनी आणि एकही जनावर नसलेले घर, दोघांच्याही दारी पाणी आले, ही त्यातील शिकण्यासारखी गोष्ट.

जनावराविना गॅस

पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. दावणी रिकाम्या झाल्या. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर पोचला. अनेक टाक्या या काळात बंद पडल्या. परंतु गोबरगॅसच्या इतिहासातील सर्वांत चतुर कल्पना त्याआधीच पुण्यात निघाली होती.

डॉ. आनंद कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू व इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने २००३ च्या सुमारास एक साधा विचार केला. शेण म्हणजे जनावराने आधीच खाऊन पचविलेले अन्न. त्यातला कस बराचसा जनावराने घेतलेला असतो. मग जीवाणूंना उष्टे शेण देण्याऐवजी पिष्टमय अन्नच का देऊ नये? त्यांनी खरकटे, शिळा भात, भाकरीचे तुकडे, पीठगिरणीतले झाडलेले पीठ, किडके धान्य, पिकून सडलेली फळे टाकून पाहिली. संस्थेचे सांगणे असे की, जो गॅस मिळण्यास ४० किलो शेण व ४० दिवस लागतात, तो अशा दोन किलो पदार्थांपासून एक-दोन दिवसांत मिळतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकीत एक बसवून ही लहान टाकी गच्चीवरसुद्धा ठेवता येते. २००६ साली या कामाला इंग्लंडातील ॲशडेन पारितोषिक मिळाले. सुरुवातीला विरजण म्हणून शेणच लागते, हे मात्र विसरू नये. आणि खरकटे एकदम फार घातले तर टाकी आंबते व गॅस बंद होतो. लहान मुलाला भरविताना जसा बेताचा घास देतो, तसेच येथेही करावे लागते.

मंडळाने काय करावे

हा लेख लिहिण्यासाठी मी आपल्या परिसरातील घरे फिरले. काही टाक्या उत्तम चालू आहेत. त्या प्रत्येक घरी टाकीविषयी विचारले की उत्तर द्यायला घरातली बाई पुढे येते. ज्या बंद आहेत, तेथे बहुधा ओट्यावरून उत्तर येते, "ती स्कीमच तशी होती."

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवू इच्छिते. पहिली, या वर्षी बंद टाक्यांची पाहणी करावी. ड्रम भोके पडून गेला आहे, जनावरे कमी झाली आहेत, की नुसता काला बिघडला आहे, हे वेगवेगळे लिहावे. काला बिघडला असेल तर तो फुकटात सुधारतो. दुसरी, ज्यांच्या टाक्या वर्षानुवर्षे चालू आहेत त्या भगिनींनी इतरांना शिकवावे, आणि हे शिक्षण कुंडीपाशी, हात शेणात घालून व्हावे. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत त्यांच्यासाठी खरकट्याची एक लहान टाकी मंडळाच्या आवारात बसवून दाखवावी. तिसरी सूचना सुरक्षिततेची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि त्याला काढण्यास उतरणाराही वाचत नाही. गळती पाहण्यासाठी काडी ओढू नये. सांध्यावर साबणाचा फेस लावावा, बुडबुडे आले की गळती समजते.

१८८४ साली पाश्चर यांच्यासारख्या थोर पुरुषाने ज्या ३५ अंशांचे महत्त्व अकादमीपुढे सांगितले, ते आपल्याकडच्या न शिकलेल्या आजीबाईंनी उन्हात हंडा ठेवून साधले. शास्त्रज्ञाने काढलेले तत्त्व आणि गृहिणीने राखलेला नेम यांची गाठ पडली तेथे गॅस चालला. पडली नाही तेथे बंद झाला. यापुढे आपल्या परिसरात टाकीची माहिती देण्यास कोणी आले, तर त्यांना ओट्यावर बसवू नका. थेट परसात, कुंडीपाशी घेऊन चला, आणि प्रश्न आपण स्वतः विचारा.